मदत हवी आहे: अनुदानाने उत्पादकता वाढते की घटते?

खडूफळा: उद्या सादरीकरण आहे. एक लेख म्हणतो अनुदानाने उत्पादकता वाढते, दुसरा म्हणतो घटते. आकडे दोघांकडेही आहेत. कोणाचं खरं? लवकर सांगा प्लीज.

बांधावरचा: कुठलं अनुदान? खतावरचं, हमीभावाचं, की थेट खात्यात येणारं? देश कुठला?

खडूफळा: अनुदान म्हणजे अनुदान हो. शेतीचं.

मेंढपाळ_दक्षिण: न्यूझीलंड बघा, बाकी काही वाचू नका. 1984 पासून थोड्याच वर्षांत जवळजवळ सगळी शेती-अनुदानं काढली. त्याआधी किमान भावाची हमी होती, म्हणून लोक डोंगरउतारावरही मेंढ्या वाढवत होते. 1982 ला मेंढ्या 7 कोटी, आता अडीच कोटींच्या आत. पण कोकरांचं वजन वाढलं, दर मेंढीमागे कोकरंही वाढली.

बांधावरचा: आलं न्यूझीलंड! 1984 लाच त्यांच्या डॉलरचं 20 टक्के अवमूल्यन झालं, म्हणजे निर्यातीला फायदा, आणि 1985 ला त्याचा दर बाजारावर सोडला, हे कोण सांगणार? शिवाय कितीतरी कुरणं दुधाच्या गायींकडे गेली. सगळं श्रेय अनुदान काढण्याला कसं देता?

मेंढपाळ_दक्षिण: सगळं श्रेय दिलंय कुठे? जमिनीचे भाव पडले, काही वर्षं हाल झाले, हेही मान्य. अनुदानाचा बराच पैसा जमिनीच्या किमतीतच मुरलेला असतो.

आलेखवेडी: आलेखात उभा अक्ष शून्यापासूनच सुरू करा. लोक अर्ध्यातून कापतात.

खडूफळा: आलेखाचं विचारलंच नाहीये. बरं, दोन्ही लेख पुन्हा उघडले. पहिला आफ्रिकेतल्या मलावी देशातल्या खत-अनुदानाबद्दल आहे, दुसरा युरोपातल्या शेतमालाच्या बांधून दिलेल्या भावाबद्दल.

बांधावरचा: हे आधी सांगायचं ना राव! मलावीत 2005 पासून छोट्या शेतकऱ्यांना स्वस्त खत-बियाण्याची कुपनं दिली. खत परवडतच नव्हतं, म्हणून मक्याचं उत्पादन उडी मारून वाढलं. जिथे आधीच भरपूर खत पडतं तिथे आणखी स्वस्त केलं तर नत्र वाहून जातं, पीक तेवढंच राहतं. युरोपात गोष्ट वेगळी. भाव बाजारापेक्षा वर बांधून दिला, विकलं जाईना ते सरकारने घेतलं, लोण्याचे डोंगर साचले. मग 1984 ला दुधावर कोटा, म्हणजे किती दूध काढायचं याची मर्यादा, तो थेट 2015 ला उठला. कोटा असला की कुशल गोठेवाल्यालाही वाढता येत नाही, उत्पादकता तिथे अडकते.

मेंढपाळ_दक्षिण: म्हणजे माझंच म्हणणं.

बांधावरचा: अजिबात नाही. 2003 नंतर युरोपाने बहुतेक पैसे पिकापासून सोडवले, काय पेरता याच्याशी संबंध नाही. पैसे थांबले नाहीत, बदलला तो शेतकऱ्याचा हिशोब.

खडूफळा: मग तक्त्यात 'अनुदान' असा एकच रकाना चालणार नाही?

बांधावरचा: नाही. निविष्ठा (खत-बियाणं), भाव, थेट रक्कम असे तीन करा. संशोधन आणि विस्तारावरचा (नवं तंत्र शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवण्यावरचा) खर्च चौथा. त्याचं फळ उशिरा येतं, म्हणून दोन-तीन वर्षांच्या आकड्यात तो दिसत नाही.

आलेखवेडी: चार रकाने असतील तर रंग फिके ठेवा.