कोलोनोस्कोपीत एआय: पडद्यावरच्या चौकटीवर किती विसंबायचं?

प्रश्न (एण्डोस्कोपी विभाग)

आमच्याकडे कोलोनोस्कोपीत (मोठ्या आतड्याच्या कॅमेऱ्याने केलेल्या तपासणीत) पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर उठलेल्या गाठी, शोधणारी एआय यंत्रणा बसते आहे. ऐन तपासणीत चित्र जाऊ नये यासाठी जोडणी कशी करावी? संशयित जागेभोवती यंत्र आखतं त्या चौकटी सतत उमटत राहतात, त्यांतली खरी कशी ओळखायची? आणि काही महिन्यांनी खरंच उपयोग झाला का, हे कसं मोजायचं? कॅप्सूल एण्डोस्कोपीबद्दलही (गिळायच्या कॅमेऱ्याने केलेली तपासणी) कुणी दोन ओळी लिहिल्या तर बरं होईल.

उत्तर (पोटविकारतज्ज्ञ)

चौकटींचा प्रश्न आधी घेतो, कारण गोंधळ तिथेच होतो. यंत्र फक्त पडद्यावर आलेलं चित्र तपासतं. आतड्याच्या घडीच्या मागे दडलेला पॉलिप पडद्यावर आलाच नाही, तर कितीही चांगलं सॉफ्टवेअर असलं तरी त्याचा काही उपयोग नाही. सीकमपासून (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या टोकापासून) मागे येताना प्रत्येक घडी उलगडून तिच्या मागे डोकावणं, रुग्णाची कूस बदलणं, उजवं कोलन (मोठं आतडं) दुसऱ्यांदा पाहणं हे काम हाताचंच आहे. मागे येण्याचा वेळ किमान ६ मिनिटं असा जुना दंडक होता, अमेरिकेतल्या २०२४ च्या निकषांत तो सरासरी ८ मिनिटांवर गेला. पॉलिप काढण्यात गेलेला वेळ यात धरायचा नाही.

आतडं साफ नसेल तर चौकटींचा पाऊस पडतो. बोस्टन मोजपट्टीत कोलनच्या तिन्ही भागांना ० ते ३ गुण देतात. प्रत्येक भागाला किमान २ आणि एकूण किमान ६ असतील तरच तयारी पुरेशी माना. एकूण ६ आहेत पण उजव्या भागाला १ आहे, अशी तपासणी पुरेशी ठरत नाही. आतडं साफ करणारं औषध दोन हप्त्यांत द्या: दुसरा हप्ता तपासणीच्या ४ ते ६ तास आधी सुरू करून २ तास आधी संपलेला असावा. बुडबुड्यांवर सिमेथिकोन (फेस मोडणारं औषध).

खोट्या चौकटी बहुतेक घडीच्या कडेवर, बुडबुड्यांवर, मळाच्या कणांवर, सक्शनने उठलेल्या लाल वणावर किंवा इलिओसीकल झडपेवर (लहान आणि मोठ्या आतड्यांमधली झडप) येतात. त्या क्षणभर लुकलुकतात आणि स्कोप (कॅमेऱ्याची नळी) जरा हलला की विझतात. खऱ्या पॉलिपवरची चौकट सहसा कोन बदलला तरी चिकटून राहते. शंका आली तर थांबा, पाणी मारा, हवा थोडी कमी-जास्त करा आणि पुन्हा पाहा.

उलटी चूक मात्र जास्त घातक. उजव्या कोलनमधले सपाट सेसाइल सेरेटेड (रुंद बुडाचे, दातेरी रचनेचे) पॉलिप फिकट, अस्पष्ट कडांचे असतात आणि त्यांच्यावर चिकट श्लेष्म्याचा थर असतो. त्यांच्यावर चौकट येईलच असं नाही. थर दिसला की धुवा आणि खालची नक्षी स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. चौकट नाही म्हणजे जागा निरोगी, असं कधीही धरू नका.

उत्तर (बायोमेडिकल अभियंता)

एण्डोस्कोपी प्रोसेसरला दोन आउटपुट असतील तर एक एआय युनिटमधून मुख्य मॉनिटरला द्या आणि दुसरं थेट दुसऱ्या मॉनिटरला. युनिट अडकलं तरी मूळ चित्र समोर राहतं. रुग्ण नसताना एकदा युनिटची वीज मुद्दाम काढा आणि चित्र टिकतं की पडदा काळा होतो ते पाहून ठेवा.

चित्रात उशीर किती होतो तेही तपासा. स्कोपसमोर बोट हलवून दोन्ही मॉनिटर शेजारी ठेवून बघा. फरक डोळ्यांना जाणवत असेल तर स्नेअर (पॉलिप कापायचा तारेचा फास) आवळताना तो नडणार. आणखी एक: प्रोसेसरवरची रंग आणि कडा ठळक करण्याची सेटिंग बदलली की यंत्राला शिकवलेल्या चित्रांपेक्षा वेगळं चित्र मिळतं. आधी पुरवठादाराने सांगितलेल्या सेटिंगवर चालवा, ती लिहून भिंतीवर लावा आणि सॉफ्टवेअर अद्ययावत झाल्याची तारीखही नोंदवा. नाहीतर पुढे आकडे हलले की कारण सापडत नाही.

उत्तर (वैद्यकीय सांख्यिकी)

मोजायचं ते अ‍ॅडेनोमा सापडण्याचं प्रमाण (पुढे कर्करोग होऊ शकणाऱ्या पॉलिपांचं): स्क्रीनिंगसाठी (लक्षणं नसताना तपासणीला) आलेल्यांपैकी किती जणांत पॅथॉलॉजीने किमान एक अ‍ॅडेनोमा पक्का केला. किती चौकटी आल्या किंवा किती पॉलिप काढले, हे मोजू नका. २०१४ च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात हे प्रमाण १ टक्क्याने वाढलं की तपासण्यांच्या मधल्या काळात उद्भवणाऱ्या कर्करोगाचा धोका साधारण ३ टक्क्यांनी कमी दिसला, म्हणून या आकड्याला इतकं वजन आहे.

पण घाई नको. १०० तपासण्यांत ३० टक्के आले तर खरा आकडा साधारण २१ ते ३९ यांच्यात कुठेही असू शकतो. ५०० तपासण्यांत ती रुंदी २६ ते ३४ होते. शिवाय वाढ निव्वळ ५ मिमीच्या आतल्या पॉलिपांची आहे का, हे वेगळं काढा. १० मिमी आणि त्यावरचे तसेच सेरेटेड पॉलिप वाढले नसतील, तर फायदा कागदावरच आहे. चिमुकले अ‍ॅडेनोमा जास्त सापडले की पुढची तपासणीही लवकर येते: अमेरिकेच्या २०२० च्या शिफारशींत १० मिमीखालचे १-२ असतील तर ७ ते १० वर्षांनी, ३-४ असतील तर ३ ते ५ वर्षांनी.

एआय बंद असताना केलेल्या तपासण्यांचं प्रमाणही वेगळं ठेवा. पोलंडमधल्या चार केंद्रांच्या २०२५ च्या अभ्यासात एआय आल्यानंतर बिनएआय तपासण्यांमधलं प्रमाण २८.४ वरून २२.४ टक्क्यांवर आलं. तो निरीक्षणात्मक अभ्यास आहे, दुसरी कारणं असू शकतात, पण डोळ्यांची सवय मोडण्याची शक्यता हलक्यात घेऊ नये.

प्रश्न (एण्डोस्कोपी विभाग)

एआयने लहान पॉलिप हायपरप्लास्टिक (सहसा निरुपद्रवी) ठरवला तर तो न काढता सोडावा का?

उत्तर (पोटविकारतज्ज्ञ)

फक्त रेक्टोसिग्मॉइडमधला (मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागातला), ५ मिमीपर्यंतचा, आणि तुमचं स्वतःचं मतही तेच असेल तर. अ‍ॅडेनोमा नाही हे भाकीत किमान ९० टक्के वेळा बरोबर ठरावं, अशी मान्य मर्यादा आहे. ती तुमच्या केंद्रात पाळली जाते का हे समजायला सुरुवातीला सगळे काढून पॅथॉलॉजीशी ताडून पाहा. फोटो जपून ठेवा. उजव्या कोलनमध्ये हा नियम लावू नका.

कॅप्सूलमध्ये एआयचं काम जास्त सरळ आहे. एका तपासणीत ५०,००० हून अधिक चित्रं येतात, त्यांतली संशयित निवडून पुढे ठेवल्याने वाचनाचा वेळ खूप वाचतो. निवडलेल्या चित्राच्या आधीची-नंतरची चित्रंही चाळा, कारण रक्तस्रावाची नेमकी जागा बहुधा तिथे कळते. आतडं अरुंद झाल्याची शंका असेल तर आधी विरघळणारी चाचणी-कॅप्सूल द्या, आणि खरी कॅप्सूल बाहेर पडल्याची खात्री होईपर्यंत एमआरआय करू नका.