मदत हवी आहे: माइकशिवाय बाजारात वाजवायला परवानगी कोणाची?

आम्ही चौघं अहिराणी गाणी पंक रॉकच्या वेगात वाजवतो. दोन गिटार, ढोलकी, झांज. डिसेंबरात जळगाव-सुरत रेल्वे लाइनने धरणगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार करायचंय. सामान पॅसेंजरमध्ये मावेल तेवढंच, स्पीकर नाही. जळगावात कॅफेत वाजवलं, पण ऐकणारे आमचेच मित्र. एका आठवडे बाजारात मात्र मिरच्यांच्या ढिगाशेजारची आजी म्हणाली, 'आखो एक म्हना रे भाऊ.' असे ऐकणारे हवेत. तिथेच मग आम्हाला परवानगी आहे का विचारलं गेलं. पालिकेने पोलिसांकडे पाठवलं, पोलिसांनी परत पालिकेकडे. जागेचं भाडं भरणं जमणार नाही, वाजवणं दिवसाच, तासभर. लेखी अर्ज नक्की कोणाकडे, किती दिवस आधी द्यायचा? आणि दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत कोणी असं वाजवलंय का?