प्रतिसाद: मीटरपासून घरापर्यंत अडीचची वायर चालेल का?

दादा, मीटर रस्त्याकडेला, घर आत 60 मीटरवर, दीड टनी एसी, 2 किलोवॅटचा गीझर, वर बोअरची मोटर. आणि वायरमन म्हणतो अडीचची (म्हणजे अडीच स्क्वेअर एमएम जाडीची) तांब्याची वायर बास. तापण्याच्या हिशेबाने ती कदाचित निभावेल, पण अंतराचं काय?

अडीच स्क्वेअर एमएम तांब्याचा रोध किलोमीटरला साधारण 7.4 ओहम. करंट जातो तसा परतही येतो, म्हणून 120 मीटर धरा. 20 अँपिअर करंट धरला तर जवळपास 18 व्होल्ट वाटेतच संपले. आपल्या परभणीकडं मे महिन्यात संध्याकाळी मुळात 200 च्या आसपास मिळतात, त्यातून 18 गेले तर एसीचा कॉम्प्रेसर नुसता घुर्र करून बंद पडतो. माझ्याकडं दोन उन्हाळे हेच चाललं होतं. स्टॅबिलायझर बदलला, गॅस भरला. दोष वायरीचा निघाला!

6 ची तांब्याची टाकली तर घट साडेसात व्होल्टच्या आत येते. 10 ची अ‍ॅल्युमिनियम आर्मर्ड (वरून धातूचं कवच असलेली) केबल टाकली तरी जवळपास तेवढीच, आणि स्वस्त पडते. फक्त तांब्याला जोडताना बायमेटल लग (एका बाजूला तांबं, दुसऱ्या बाजूला अ‍ॅल्युमिनियम असलेला जोड) वापरा, नुसता पीळ देऊन टेप गुंडाळू देऊ नका.

पत्र्याखालून, उन्हातून पाइप जात असेल तर वायरीची क्षमता आणखी घटते. म्हणून जमिनीतून न्या.

आणि एमसीबी (जादा करंट आला की आपोआप बंद होणारा स्विच) वारंवार पडते म्हणून मोठी बसवायची, हा आपल्याकडचा लाडका उपाय करू नका. अडीचच्या वायरीवर 32 अँपिअरची एमसीबी म्हणजे आधी वायर जळणार, मग एमसीबीला जाग येणार.