दुपारची वीज संध्याकाळी कशी पुरवायची आणि तिचे बिल कोणी भरायचे?

प्रश्न : होटगी_रोड

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केले की देशाच्या एकूण स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मी क्षमता आता सूर्य, वारा, पाणी, जैवइंधन आणि अणुऊर्जा यांची आहे. पॅरिस करारानुसार हे उद्दिष्ट २०३० पर्यंत गाठायचे होते, ते पाच वर्षे आधीच साध्य झाले. मी स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांना भूगोल आणि पर्यावरण शिकवतो, त्यामुळे हा आकडा फळ्यावर लिहितो आणि लगेच प्रश्न येतो की, मग २०२४-२५ मध्ये प्रत्यक्ष तयार झालेल्या विजेपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक वीज कोळशाचीच कशी? क्षमता आणि निर्मिती यांतला फरक मी समजावून सांगतो. एक मेगावॉटचा कोळशाचा संच नीट चालला तर वर्षाकाठी सुमारे ६० लाख युनिट देतो, आणि तेवढ्याच क्षमतेचा सौर प्रकल्प १६ ते २० लाख युनिट देतो, कारण रात्री सूर्य नसतो.

परंतु एवढ्याने माझेच समाधान होत नाही. २०२१ मध्ये ग्लासगो येथे भारताने २०३० पर्यंत ५०० गिगावॉट बिगर-जीवाश्म क्षमता आणि २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन, अशी दोन उद्दिष्टे जगासमोर मांडली. पैसा येतो आहे, पॅनेल स्वस्त झाले आहेत आणि आपल्या सोलापूर जिल्ह्यात उन्हाची वानवा कधीच नव्हती. तरीही शहराच्या दक्षिणेला फताटेवाडीच्या एनटीपीसीच्या (केंद्र सरकारच्या वीजनिर्मिती कंपनीच्या) ६६० मेगावॉटच्या दोन संचांकडे कोळशाच्या गाड्या येतच आहेत, आणि त्या थांबण्याची चिन्हे नाहीत. अभियंत्यांना विचारले तर ते राजकारणाकडे बोट दाखवतात, राजकारणातील मंडळी तंत्रज्ञानाकडे. प्रत्यक्ष काम केलेल्यांनी कृपया सविस्तर सांगावे की घोडे नेमके कुठे अडले आहे.

उत्तर १ : पारेषण_निवृत्त

सर, आपला प्रश्न अगदी योग्य जागी बोट ठेवणारा आहे. माझी नोकरी वीज पारेषणात गेली, त्यामुळे मी तारांच्या बाजूने सांगतो.

वीज साठवून न ठेवता ज्या क्षणी लागते त्याच क्षणी तयार करावी लागते. मागणी आणि पुरवठा यांचा मेळ जरा बिघडला की देशभरच्या जाळ्याची वारंवारिता (प्रवाहाची सेकंदाला होणारी आवर्तने) ५० हर्ट्झपासून ढळते. नियंत्रण कक्षात बसणाऱ्याची नजर दिवसभर त्या एका आकड्यावर खिळलेली असते. आता दुपारची वेळ घ्या. सौर वीज भरपूर येते, म्हणून कोळशाच्या संचांना उत्पादन कमी करण्यास सांगितले जाते. सध्याच्या नियमाप्रमाणे ते ५५ टक्क्यांपर्यंत उतरले पाहिजेत, म्हणजे आपला ६६० मेगावॉटचा संच ३६३ मेगावॉटवर. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०२३ च्या विनियमांनुसार ही मर्यादा टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांवर, म्हणजे २६४ मेगावॉटवर न्यायची आहे. एवढ्या कमी भारावर भट्टीतील ज्योत स्थिर राहत नाही, ती टिकवण्यासाठी तेल जाळावे लागू शकते, आणि बॉयलरच्या जाड धातूच्या भागांवर तापण्या-थंडावण्याचा ताण रोज पडून त्यांचे आयुष्य घटते. मग दुपारी संच पूर्ण बंद का करत नाहीत? कारण थंड पडलेला संच पुन्हा पूर्ण भारावर आणायला कित्येक तास लागतात, आणि सूर्य मावळल्यावर दिवे, पंखे आणि वातानुकूलन यंत्रे यांची मागणी तासा-दोन तासांत उसळते. थोडक्यात, संध्याकाळच्या चार-पाच तासांसाठी कोळसा दुपारीही जळत ठेवावा लागतो. दुसऱ्या बाजूला, राजस्थानात पारेषण क्षमता अपुरी पडल्याने तयार होऊ शकणारी सौर वीज दुपारी सोडून द्यावी लागण्याचे प्रसंगही आले आहेत.

यावरून दुसऱ्या अडथळ्याकडे येतो. सौर प्रकल्प वर्ष-दीड वर्षात उभा राहतो, पण उच्चदाबाची वाहिनी टाकायला त्याच्या दुप्पट-तिप्पट काळ लागतो. आपल्या सोलापूरचे या बाबतीत राष्ट्रीय महत्त्व आहे आणि ते विद्यार्थ्यांना अवश्य सांगा. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ७६५ केव्ही (किलोव्होल्ट) वाहिनी सुरू झाली आणि दक्षिण भारताचे जाळे उर्वरित देशाशी एका वारंवारितेवर जोडले गेले. त्यापूर्वी दक्षिणेशी केवळ डीसी (एकदिश प्रवाहाच्या) जोडण्यांमार्फत मर्यादित देवाणघेवाण होत असे, आणि वीजबाजारात दक्षिणेतील राज्यांना अनेकदा चढा दर मोजावा लागत असे. तामिळनाडूच्या पवनचक्क्या पावसाळ्यात जोरात असताना ती वीज उत्तरेला नेता येते, ती अशाच वाहिन्यांमुळे. देशाचे ऊर्जा परिवर्तन पॅनेलांइतकेच या तारांवर अवलंबून आहे.

पण तार शेतातूनच जाते. मनोरा ज्याच्या रानात उभा राहतो त्याची जमीन कागदावर त्याच्याच नावे राहते, मात्र तिची किंमत पडते. २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत मनोऱ्याखालील जागेसाठी जमिनीच्या मूल्याच्या ८५ टक्के मोबदला होता. जून २०२४ मध्ये तो २०० टक्के झाला, आणि ग्रामीण भागात तारांखालील पट्ट्यासाठी ३० टक्के सुचवला गेला. यातले बरेच आधी झाले असते तर अनेक वाहिन्यांची रखडपट्टी वाचली असती, असे माझे स्पष्ट मत आहे. आणखी एक अडचण माळढोक अभयारण्य असलेल्या आपल्या नान्नजच्या लोकांना सहज समजेल. माळढोक हा जड पक्षी आहे, त्याला समोरचे नीट दिसत नाही, त्यामुळे तो तारांना धडकतो. राजस्थान आणि गुजरातमधील त्याच्या अधिवासातून जाणाऱ्या वाहिन्या भूमिगत करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये दिला, आणि मार्च २०२४ मध्ये त्यात बदल करून तज्ज्ञ समितीकडे विषय सोपवला. ७६५ केव्हीची एसी (प्रत्यावर्ती प्रवाहाची) वाहिनी लांब अंतर जमिनीखालून नेणे व्यवहार्य नाही, ही तांत्रिक बाजू खरी आहे. पण नान्नजच्या माळावरून माळढोक कसा नाहीसा होत गेला हे ज्यांनी पाहिले आहे, ते त्या आदेशाला विकासाच्या आड येणारा म्हणणार नाहीत.

उत्तर २ : अक्कलकोट_रोड_एमआयडीसी

मी टॉवेलचे यंत्रमाग चालवतो. पारेषण_निवृत्त साहेबांनी तारांची बाजू मांडली, मी बिलाची मांडतो, कारण माझ्या मते खरी गाठ तिथे आहे.

शेतीपंपाला आणि कमी वापराच्या घरगुती ग्राहकाला उत्पादन खर्चापेक्षा स्वस्त वीज देण्यासाठी उद्योग आणि व्यापारी ग्राहकांकडून जादा दर घेतला जातो, त्यालाच क्रॉस सबसिडी म्हणतात. २०२२ च्या हरित ऊर्जा ओपन ॲक्सेस नियमांनी १०० किलोवॉट किंवा त्याहून अधिक मंजूर भाराच्या ग्राहकालाही बाहेरून सौर किंवा पवन वीज घेण्याची मुभा दिली. मोठे कारखाने बाहेर पडू लागले तर जादा दर भरणारेच कमी होतात, वितरण कंपनीचा तोटा वाढतो, आणि तो भरून काढण्यासाठी मागे राहिलेल्या माझ्यासारख्यांचा दर चढतो. म्हणूनच वितरण कंपन्या स्वच्छ ऊर्जेचे तोंडभर स्वागत करतात आणि प्रत्यक्षात अधिभार, परवानग्या व नेट मीटरिंगच्या (छतावरची जादा वीज जाळ्यात देऊन ती बिलातून वळती करण्याच्या सोयीच्या) मर्यादा यांत ग्राहकाला अडकवतात. त्यांचा यात दुष्टपणा आहे असे मी म्हणत नाही. त्यांचा हिशोबच तसा बांधलेला आहे.

छतावर पॅनेल लावा, असा सल्ला आम्हाला नेहमी मिळतो. आमच्यातील अनेकांच्या शेडचे पत्रे जुने आहेत, त्यावर सांगाडा उभा करता येत नाही, शिवाय शेड भाड्याची असते. माग दोन पाळ्यांत चालतात आणि दुसरी पाळी अंधारात असते. दिवसा नऊ ते पाच या वेळेत दर कमी करण्याचे धोरण चांगले आहे, आणि त्यामुळे काहींनी कामाच्या वेळा बदलण्याचा विचारही सुरू केला आहे. परंतु आम्हाला स्वस्त विजेइतकीच अखंड वीज हवी. एक क्षण विजेचा दाब कोसळला तरी धोटा मध्येच थांबतो, ताण्याचे धागे तुटतात, कारागीर एकेक धागा हाताने जोडत बसतो, आणि माग पुन्हा सुरू झाला की टॉवेलवर आडवी रेघ उमटते. तो नग निर्यातीच्या मालातून बाजूला काढावा लागतो. जाळ्यात सौर वीज वाढत असताना दाबाची स्थिरता कोण सांभाळणार, याचे उत्तर उद्योगाला मिळाले पाहिजे.

उत्तर ३ : मोहोळ_ऊस_डाळिंब

वरील दोन्ही उत्तरे वाचली. आमच्यावर सबसिडी खाणारे म्हणून बोट दाखवले जाते, त्यामुळे आमची बाजूही यावी.

राज्यात सुमारे ४७ लाख शेतीपंप आहेत आणि राज्याच्या वीजवापरात त्यांचा वाटा ३० टक्क्यांच्या आसपास आहे. माझ्या पाच अश्वशक्तीच्या मोटरीला आठ तासांत साधारण ३० युनिट लागतात. वर्षानुवर्षे ही वीज चक्राकार पद्धतीने, अनेकदा मध्यरात्री दिली गेली. रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन उसात दारे धरायला जाणे म्हणजे काय, हे ज्याने केले त्यालाच कळते. पायाखाली काय आहे ते दिसत नाही, म्हणून दारे मोडायचे ते न मोडताच माणूस बांधावर बसून राहतो आणि पाणी वाया जाते. पिकाला पाणी दुपारी दिले की रात्री दिले, याने राष्ट्रीय जाळ्याला किती फरक पडतो ते साहेबांनी सांगावे. आम्हाला फार पडतो. दिवसाची वीज ही आमची फार जुनी मागणी आहे आणि ती सूर्याच्या वेळेशी तंतोतंत जुळते.

म्हणून सौर कृषिवाहिनी योजनेला माझा पाठिंबा आहे. उपकेंद्राजवळच पॅनेल लावून तेथील शेतीच्या फीडरला (उपकेंद्रातून पंपांकडे जाणाऱ्या वाहिनीला) दिवसा वीज द्यायची, अशी ती कल्पना आहे. जमीन भाड्याने देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये आणि दरवर्षी ३ टक्के वाढ मिळते. कोरडवाहू माळासाठी हे उत्पन्न वाईट नाही. मात्र अनेक ठिकाणी गायरान दिले जाते आणि तिथे मेंढपाळांना कोणी विचारत नाही. एका मेगावॉटला चार एकर लागतात. पाच मेगावॉटचा प्रकल्प झाला की वीस एकर चराई कुंपणात जाते, आणि ज्यांच्या नावावर सातबारा नाही त्यांना भाडेही मिळत नाही. ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या अनुदानातून चाऱ्याची आणि पाण्याची सोय ठरावातच लिहून घ्यावी, नाहीतर पुढे हीच माणसे आंदोलनाला उभी राहतील आणि त्यांचे काही चुकणार नाही.

होटगी_रोड

सर्वांचे मनापासून आभार. मोहोळच्या दादांनी विचारलेला प्रश्न मलाही साहेबांना विचारायचा आहे. शेतीचा सगळा भार दिवसा आणला तर संध्याकाळचा प्रश्न किती सुटेल, आणि उरलेल्यासाठी साठवणूक आपल्या आवाक्यात आहे का?

पारेषण_निवृत्त

दादा, फरक फार मोठा पडतो. रात्रीचा शेतीभार दिवसा आला की दुपारची सौर वीज जागच्या जागी वापरली जाते. ती लांबवर वाहून न्यावी लागत नाही, त्यामुळे तारांतील गळतीही वाचते आणि औष्णिक संचांना फार खाली उतरावे लागत नाही. पैशाचा हिशोबही इथेच बदलतो. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज देण्यासाठी राज्य सरकार वर्षाला सुमारे १४,७६० कोटी रुपयांचा भार उचलते. तीच वीज तीन रुपयांच्या आसपासच्या सौर दराने मिळाली, तर शेतकऱ्याचे एक युनिटही न कापता सबसिडीचा बोजा उतरतो आणि यंत्रमागवाल्यांवरचा जादा दरही कमी करता येतो. राजकीयदृष्ट्या अशक्य मानली गेलेली दरसुधारणा कोणाच्याही ताटातले न काढता करण्याची ही वाट आहे, म्हणून माझ्या मते सुरुवात इथूनच केली पाहिजे. प्रत्येकाच्या विहिरीवर स्वतंत्र सौरपंप बसवण्यापेक्षा फीडरचा मार्ग मला अधिक पटतो, कारण सुट्या पंपाची मोटर ज्या दिवशी बंद असते त्या दिवशीची वीज वाया जाते.

उरलेल्या संध्याकाळसाठी साठवणूक लागेलच. घाटघरचा २५० मेगावॉटचा प्रकल्प २००८ पासून हेच काम करतो. मागणी कमी असताना पाणी वरच्या जलाशयात चढवायचे आणि गरजेला खाली सोडून वीज करायची. यात साधारण पाचवा हिस्सा ऊर्जा खर्ची पडते. आपल्या पठारावर तेवढा उतार नाही, सह्याद्रीत आहे, आणि तिथे वनजमिनीचा प्रश्न येतो. बॅटरीचे चित्र मात्र झपाट्याने पालटले आहे. दोन तासांच्या साठवणुकीसाठी २०२२ मध्ये दरमहा मेगावॉटमागे दहा लाखांहून अधिक असलेला निविदेतील दर २०२५ मध्ये काही निविदांत, केंद्राचे अनुदान धरून, दोन लाखांच्या आसपास आला. बॅटरीचे सेल बहुतांश चीनमधून येतात, आणि कोळशासाठी फारसे कोणाचे तोंड पाहावे लागत नाही म्हणून आपण जो दिलासा बाळगतो तो इथे नाही. यंत्रमागधारकांच्या शंकेबाबत सांगायचे तर, दाब आणि वारंवारिता सांभाळणारे इन्व्हर्टर उपलब्ध आहेत, ते बॅटरी प्रकल्पांच्या निविदांत सक्तीचे करायला हवेत.

उत्तर ४ : पूर्व_भाग

एक बाजू राहिली आहे. कोळशावर अनेकांचे पोट आहे, केवळ वीजनिर्मितीचे नव्हे. रेल्वेच्या मालवाहतुकीत वजनाने जवळपास निम्मा कोळसा असतो आणि त्याच उत्पन्नावर प्रवासी भाडे कमी ठेवले जाते. खनिज राज्यांना कोळशाच्या किमतीवर १४ टक्के स्वामित्वधन (रॉयल्टी) मिळते. झारखंड किंवा छत्तीसगडचा कोणताही मुख्यमंत्री हे उत्पन्न बिनबोभाट सोडणार नाही, आणि ऊन-वारा ज्या राज्यांत जास्त आहे ती राज्ये बहुतांशी वेगळी आहेत. नवे उत्पन्न कुठून येणार हे केंद्राने आकड्यांत सांगितल्याशिवाय ही राज्ये राजी होणे कठीण आहे.

आणि कामगार. लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी आणि जुनी मिल या कापडगिरण्या बंद झाल्यावर आपल्या शहराने जे भोगले ते पूर्व भागातील घराघराला ठाऊक आहे. गिरणी बंद होणार हे मालकाला आधी कळले, कामगाराला शेवटी. २,९२० मेगावॉटचे चंद्रपूर केंद्र किंवा आपले फताटेवाडी यांचे पुढेमागे तेच होऊ द्यायचे नसेल, तर कोणता संच कोणत्या वर्षी थांबणार, कंत्राटी कामगारांची नोंद कोण ठेवणार आणि त्यांना कोणते काम देणार, हे दहा वर्षे आधी लेखी जाहीर झाले पाहिजे. पाण्याचाही करार त्यातच हवा. या प्रकारच्या नव्या केंद्रांना प्रति मेगावॉट-तास ३ घनमीटर पाण्याची कमाल मर्यादा आहे. १,३२० मेगावॉट पूर्ण भारावर चालले आणि मर्यादेइतके पाणी वापरले तर दिवसाला साडेनऊ कोटी लिटर होते, आणि शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येते. संच थांबतील तेव्हा उजनीचे ते पाणी शहराला, शेतीला की नव्या उद्योगाला जाणार, हे आजच ठरवून ठेवले तर त्या वेळी भांडण होणार नाही.