मदत हवी आहे: व्हेरिकोसीलसाठी (वृषणाच्या फुगलेल्या शिरा) पेशीमरणाचं जादा पॅनेल (तपासण्यांचा संच) करावं का?

नमस्कार. आम्ही देवगडचे. नवरा ट्रॉलरवर इंजिन सांभाळतो, वय ३४. माझं ३१. मूल नाही म्हटल्यावर आधी माझ्याच तपासण्या झाल्या, त्या नीट आल्या. (सासूबाईंनी कुणकेश्वराला गाऱ्हाणं घातलंय ते वेगळंच.) मग ह्यांची वीर्यतपासणी केली: शुक्राणू मिलीलिटरला ९० लाख, पुढे सरकणारे १८ टक्के. पुन्हा केली तरी साधारण तेच. डॉक्टरांनी उभं करून तपासलं. डाव्या बाजूला तिसऱ्या ग्रेडचं व्हेरिकोसील, शिरा नुसत्या डोळ्यांनी दिसतात. ऑपरेशन सुचवलंय.

घोळ पुढे आहे. शुक्राणूंचं डीएनए फ्रॅगमेंटेशन (डीएनएची तुटफूट) ३४ टक्के आलं, तर लॅबवाले म्हणतात आता अ‍ॅपोप्टोसिस (पेशी आपणहून मरण्याचं) पॅनेलही करून टाका. कागदावर कॅस्पेज-३, बॅक्स, बीसीएल-२, अ‍ॅनेक्सिन. पैसे अर्थातच वेगळे. मी बी.एस्सी. केलंय, म्हणून थोडं वाचलं. शिरांत रक्त तुंबतं, वृषण तापतं, ऑक्सिडेटिव्ह ताण वाढतो आणि शुक्राणू घडवणाऱ्या पेशी आपणहून मरू लागतात. बॅक्स मरणाकडे ढकलतं, बीसीएल-२ आवरून धरतं, कॅस्पेज-३ प्रत्यक्ष कापाकापी करतं. इथवर कळलं. पण हे आकडे वाईट आले तर उपचार बदलणार आहे का?

दुसरं, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, ह्यांना तेव्हाच घरी बसता येतं. तोवर थांबलं तर चालेल?

गुहागरी: ताई, मी एम्ब्रियॉलॉजिस्ट (भ्रूणतज्ज्ञ) आहे. पॅनेल करू नका. व्हेरिकोसीलमध्ये हे मार्कर (पेशीमरणाच्या खुणा) बदललेले सापडतात हे खरं, आजार कसा घडतो ते समजायला त्यांचा उपयोगही झाला. पण किती आकडा म्हणजे वाईट, याची सर्वमान्य मर्यादा नाही. शंभरात साधारण १५ पुरुषांना व्हेरिकोसील असतं आणि त्यातल्या बऱ्याच जणांना मुलं होतात. त्यामुळे निर्णय हाताने केलेली तपासणी, वीर्याचा रिपोर्ट आणि तुमचं वय यांवर होतो. ते तिन्ही तुमच्याकडे आहे. डीएनए फ्रॅगमेंटेशनचं तसं नाही, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वीर्यतपासणीच्या पुस्तिकेत ती तपासणी आहे. तुमचे ३४ टक्के ऑपरेशनच्या बाजूनेच बोलतात, कारण ऑपरेशननंतर हा आकडा बऱ्याचदा उतरतो.

बंदीचा काळ उत्तम. काही आठवडे जड उचलायचं नसतं, डेकवर ते कोण पाळणार! शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, म्हणून पुढची तपासणी तीन महिन्यांनी. जूनमध्ये केलंत तर सप्टेंबर. सर्जनला एवढं जरूर विचारा: मायक्रोस्कोप लावून करता का? त्यात व्हेरिकोसील उलटण्याचं आणि वृषणाभोवती पाणी साठण्याचं प्रमाण कमी असतं. आणि हे तंबाखू खात असतील तर आजपासून बंद.

देवगडकरीण: खूप आभार. पॅनेलला नाही म्हणून कळवलं. तंबाखूचं तुम्ही लिहिलंत ते बरं झालं, माझं ऐकत नाहीत, आता हेच वाचायला देते. मायक्रोस्कोपने करणारे कोल्हापूर किंवा गोव्याकडे कुणाच्या माहितीत असतील तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मे महिन्यात भेटून तारीख घेता येईल.