क्रूझर ‘दिल्ली’: तोफा आठ की सहा?

डोलकाठी
आपल्या पहिल्या क्रूझरची, म्हणजे जुन्या ‘दिल्ली’ची, सेवा-नोंद जुळवतोय. तीन ठिकाणी अडलो आहे. ६ इंची तोफा कुठे आठ दिल्यात, कुठे सहा. भारताने एक टरेट (तोफा बसवलेला फिरता बुरूज) काढलं होतं का? सेवेत दाखल झाल्याचं साल १९३३, १९४१ आणि १९४८ असं तीन तऱ्हांनी सापडतं. आणि दुसऱ्या महायुद्धातल्या, दक्षिण अमेरिकेजवळच्या रिव्हर प्लेटच्या लढाईत ती ब्रिटिश होती की न्यूझीलंडची? एक फोटोही आहे, खाली नुसतं ‘क्रूझर दिल्ली’ लिहिलेलं.

नांगरगडी
आठही बरोबर, सहाही बरोबर. साल कोणतं ते पाहायचं. ‘दिल्ली’चं मूळ नाव ‘अकिलीस’, ती ब्रिटिशांच्या लिअँडर वर्गातली. बांधताना चार टरेट्स होती, प्रत्येकात दोन नळ्या. पुढून मागे ए, बी, एक्स, वाय. त्यातली बी आणि एक्स उंचावर, शेजारच्या टरेटवरून मारा करता यावा म्हणून. ५ जानेवारी १९४३ रोजी सॉलोमन बेटांच्या भागात जपानी बॉम्ब थेट एक्स टरेटवर पडला. दुरुस्तीसाठी ती पोर्ट्समथला गेली आणि १९४४ मध्ये बाहेर पडली ती एक्सशिवाय. त्या जागी विमानविरोधी तोफा बसवल्या. त्या काळात बऱ्याच ब्रिटिश क्रूझरांचं एक्स टरेट असंच गेलं: रडार आणि हलक्या तोफा वाढत गेल्या की जहाज वरून जड होतं, कुठलं तरी मोठं वजन उतरवावंच लागतं.

म्हणजे भारताने काहीही काढलेलं नाही. जहाज आपल्याकडे आलं तेव्हाच तोफा सहा होत्या. आठचा आकडा १९३३ च्या मूळ तपशिलातून उचलून ‘दिल्ली’ला चिकटवला जातो. १९५६ च्या ‘द बॅटल ऑफ द रिव्हर प्लेट’ या इंग्रजी चित्रपटात आपल्या ‘दिल्ली’नेच १९३९ ची ‘अकिलीस’ वठवली, तिथे मागच्या बाजूला एक्सची रिकामी जागा ओळखू येते.

सुकाणू
तारखांचा घोळ होतो, कारण एका रकान्यात तीन नौदलं कोंबली जातात. हे जहाज चार ओळींत लिहा. ऑक्टोबर १९३३, ब्रिटिश नौदल, नावाआधी एचएमएस (ब्रिटिश राजाचं जहाज). १ ऑक्टोबर १९४१, न्यूझीलंडचं स्वतंत्र रॉयल नौदल झालं, त्या दिवसापासून एचएमएनझेडएस (राजाचं न्यूझीलंडचं जहाज). १९४६ ला ब्रिटिशांकडे परत. ५ जुलै १९४८, भारत. त्यातही एक पोटओळ लागते. १९४८ ला आपण डोमिनियन होतो, म्हणजे स्वतंत्र पण राष्ट्रप्रमुख ब्रिटिश राजाच, म्हणून नाव एचएमआयएस (राजाचं भारतीय जहाज) ‘दिल्ली’. आयएनएस झाली ती २६ जानेवारी १९५० ला. १९४९ च्या फोटोखाली आयएनएस लिहिलं तर चूकच.

रिव्हर प्लेट १३ डिसेंबर १९३९ ची, तेव्हा ती एचएमएस. पण ब्रिटिश नौदलाच्या न्यूझीलंड विभागात होती आणि खलाशांत न्यूझीलंडवाल्यांचा भरणा मोठा, म्हणून त्यांचा तिच्यावर हक्क आजही कायम आहे. त्या लढाईत तिचा कॅप्टन होता एडवर्ड पॅरी. हाच पॅरी ऑगस्ट १९४८ मध्ये आपल्या नौदलाचा प्रमुख झाला. सप्टेंबरमध्ये ‘दिल्ली’ मुंबईला पोचली तेव्हा तिचा जुना कॅप्टन वरच्या खुर्चीत बसलेला! असा योग ठरवूनही जुळत नाही.

पुढचं थोडक्यात. १९५० ला नेहरूंना इंडोनेशियाला नेलं, डिसेंबर १९६१ मध्ये पोर्तुगिजांच्या ताब्यातल्या दीवला तोफांचा मारा केला, ३० जून १९७८ ला निवृत्ती. एक टरेट न्यूझीलंडला भेट दिलं, ते ऑकलंडच्या डेव्हनपोर्ट नौदल तळावर आहे. हे डेव्हनपोर्ट म्हणजे आपल्या विमानवाहू ‘विराट’ची डागडुजी झाली ते इंग्लंडमधलं नव्हे.

डोलकाठी
दोघांचेही आभार. फोटोत मात्र धुराडी दोन दिसताहेत.

नांगरगडी
मग ती आपली ‘दिल्ली’ नाही. तिच्या सहाही बॉयलरांचा धूर एकाच रुंद धुराड्यातून जातो, लांबून पटकन ओळखायची खूण तीच. दोन धुराड्यांची असेल तर दोन शक्यता. एक, ‘म्हैसूर’ (मूळची ‘नायजेरिया’, १९५७ ला आपल्याकडे आली). दुसरी, ब्रिटिशांची स्वतःची एचएमएस ‘दिल्ली’, डॅनी वर्गातली, १९४८ च्या सुरुवातीलाच भंगारात विकलेली. दोन्ही ‘दिल्ली’ क्रूझर आणि साल एकच, त्यामुळे फोटोंच्या संग्रहात या दोघी हमखास एकमेकींत मिसळतात.

आता एका तोफस्थानी नळ्या किती ते मोजा. तीन असतील तर ‘म्हैसूर’. एकेकटी नळी असेल तर ब्रिटिश ‘दिल्ली’.

डोलकाठी
एकेकटीच आहे. फोटो नोंदीतून काढला.