यहूदाला दुसरा मार्ग होता का?

शंकेखोर
शेवटच्या भोजनाला येशू आपल्या शिष्यांना म्हणतो, तुमच्यातलाच एक जण मला धरून देणार आहे. तो शिष्य म्हणजे यहूदा. मार्कच्या शुभवर्तमानाच्या (बायबलमधल्या येशूचरित्राच्या) १४व्या अध्यायात त्याला जोडूनच येतं की मनुष्याचा पुत्र (म्हणजे येशू स्वतः) शास्त्रात लिहिल्याप्रमाणे जाणार, पण त्याला धरून देणाऱ्याची धडगत नाही, तो जन्मलाच नसता तर त्याच्यासाठी बरं होतं. हे दोन्ही एका दमात! घडणार लिहिल्याप्रमाणे आणि दोष मात्र करणाऱ्याच्या माथी. लूक आणि योहान या दुसऱ्या दोन शुभवर्तमानकारांच्या मते तर यहूदाच्या अंगात सैतान शिरला होता. मग त्याचं स्वतःचं असं काय उरलं ज्याची शिक्षा त्याला व्हावी? श्रद्धेची टिंगल करायला हा धागा काढलेला नाही. मला खरंच कोडं पडलंय.

जुनाजाणता
आधी कळणं आणि घडवून आणणं यात तुम्ही गल्लत करताय. रोमन तत्त्वज्ञ बोएथियसने सहाव्या शतकात कैदेत मरणाची वाट बघत याच प्रश्नावर लिहिलं. त्याचं म्हणणं, देवाला 'आधी' आणि 'नंतर' नसतंच, सगळा काळ त्याच्यासमोर एकदम उभा असतो. गच्चीवरून दोन माणसं एकमेकांवर आदळताना दिसली, तर ती तुमच्या बघण्यामुळे आदळली का? आणि यहूदाला कुणी ओढत नेलं नव्हतं. याजकांकडे (देवळातल्या पुजाऱ्यांकडे) जाऊन 'मला काय द्याल?' हे त्यानेच विचारलं. तीस नाणी मिळाली.

शंकेखोर
गच्चीवरच्या माणसाने तो रस्ता बांधलेला नसतो, ती माणसंही जन्माला घातलेली नसतात. निर्माता आणि प्रेक्षक एकच असेल तर हा दाखला लागू पडत नाही.

लिली_फ
मिसरचा (इजिप्तचा) राजा फारो, त्याचं उदाहरण बघा. बायबलच्या निर्गम या पुस्तकात देवाने मिसरवर धाडलेल्या पहिल्या काही पीडांच्या वेळी फारो आपलं मन स्वतः कठीण करतो. गळवांच्या पीडेपासून मात्र 'परमेश्वराने त्याचं मन कठीण केलं' अशी भाषा येते. माझ्या वाचनात याचा अर्थ असा की माणूस पुन्हा पुन्हा नकार देत गेला की एका टप्प्यावर देव त्याला त्याच्या नकारातच सोडून देतो. निवड आधी माणसाचीच झालेली असते. यहूदाचंही तेच असावं. योहान सांगतो, पैशांची थैली त्याच्याकडे असायची आणि तो त्यातले पैसे लांबवायचा.

शंकेखोर
लिलीताई, वाचन छान आहे, पण चौथा अध्याय सुटला. इस्राएली लोकांना सोडवायला मोशेला मिसरला पाठवतानाच देव सांगतो की मी फारोचं मन कठीण करीन. एकही पीडा आलेली नाही तेव्हा.

कुंभाराचं_चाक
सगळे कडेकडेने चाललेत. प्रेषित पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात, ९व्या अध्यायात, हाच प्रश्न घेतलाय आणि उत्तरही सरळ दिलंय: मातीने कुंभाराला जाब विचारायचा नसतो. धर्मपंडित इरॅस्मसने १५२४ मध्ये इच्छास्वातंत्र्याची बाजू मांडली. धर्मसुधारक ल्यूथरने १५२५ मध्ये उत्तर दिलं की तारणाच्या (पापातून सुटकेच्या) बाबतीत माणसाची इच्छा बांधलेलीच आहे. सगळेच दोषी असताना काहींना माफी मिळाली, तर बाकीच्यांवर अन्याय कसा? दानावर कुणाचा हक्क नसतो.

शंकेखोर
'सगळेच दोषी' हे ठरलं कुठे? पहिला माणूस आदाम, त्याचा दोष जन्मानेच अंगाला चिकटतो, हे जुन्या काळातल्या ऑगस्टीन या धर्मपंडिताने मांडलं. त्याच्यासमोर पौलाच्या त्याच पत्रातल्या ५:१२चं लॅटिन भाषांतर होतं, त्यातून 'ज्याच्यामध्ये सर्वांनी पाप केलं' असा अर्थ निघतो. मूळ ग्रीकचा अर्थ बरेच अभ्यासक 'कारण सर्वांनी पाप केलं' असा लावतात. पूर्वेकडची ऑर्थोडॉक्स मंडळी मृत्यू आणि दुबळेपणा वारशाने आला म्हणतात, दोष नाही. आणि बायबलमधल्या यहेज्केल या संदेष्ट्याच्या पुस्तकात, १८व्या अध्यायात तर स्पष्टच आहे, बापाच्या अपराधाचा भार मुलावर नाही.

कुंभाराचं_चाक
एका शब्दयोगी अव्ययावर अख्खं ईश्वरविज्ञान उलटं करू नका, साहेब. दोष वारशाने आला नाही असं धरलं, तरी पाप न केलेला एक माणूस दाखवा.

जुनाजाणता
मला पेत्र या दुसऱ्या शिष्याची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. त्याच रात्री त्याने तीनदा येशूला नाकारलं, तेही आधीच सांगून ठेवलेलं होतं. तरी तो परतला. भाकीत दोघांबद्दल होतं, शेवट मात्र वेगळे झाले. निवडीला जागा होती याचा याहून मोठा पुरावा कोणता? मत्तयाने आपल्या शुभवर्तमानात यहूदासाठी वापरलेलं ग्रीक क्रियापदही नुसत्या हळहळीचं आहे. खऱ्या पश्चात्तापासाठी, मन पालटण्यासाठी, वेगळा शब्द आहे.

शंकेखोर
पेत्राचा मुद्दा मान्य, त्यावर माझ्याकडे पटकन उत्तर नाही. क्रियापदाचं मात्र पटत नाही. मत्तयाच्याच २१व्या अध्यायात बापाला 'नाही जात' म्हणून नंतर द्राक्षमळ्यात गेलेला मुलगा आहे ना? त्याच्यासाठीही हेच क्रियापद आहे. तिथे तो मुलगा योग्य ठरतो.

जुनाजाणता
हे लक्षात आलं नव्हतं. पण तो मुलगा निदान मळ्यात गेला. यहूदा कुठे गेला?

लिली_फ
तोही गेला की. नाणी परत घेऊन याजकांकडे गेला, 'निर्दोष माणसाला धरून दिलं, मी पाप केलं' म्हणाला. ते म्हणाले, आम्हाला काय त्याचं? तुझं तू पाहा.